बिनअपघाताची बारा वर्षं

मावशी गुडघ्यांवर बसून चौथ्या दोरीवरून बोट फिरवत होती. हातमोजा घालून. ताणलेली दोरी उघड्या हाताने धरणाऱ्याला ती एकच प्रश्न विचारी, "दहाही बोटं जड झालीत का रे?"

"गाठ?" भाचीने वही उघडून विचारलं.

"नाही."

"कुठे विरलंय?"

"नाही. लिही, निर्दोष."

भाचीने लिहिलं. तपासणीची ही सातवी वही. आधीच्या सहा मावशीच्या कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात होत्या. साड्या कुणी मागितल्या तर ती देत असे.

दहा वाजता मैदानाचा निकाल द्यायला नगरपालिकेचे साहेब येणार होते. मैदान एक आणि पतंगवाले क्लब दोन, असं बरीच वर्षं चाललं होतं. पतंग म्हणजे पोरांचे कागदी नव्हेत. खोलीएवढ्या कापडाचे, चार दोऱ्यांचे, धडधाकट माणसाला फरफटत नेणारे. आता मैदान कायमचं एकाच क्लबाला मिळणार होतं. ते गेलं तर मावशीच्या क्लबाने तपासणीची चटई अंथरायची कुठे, हा प्रश्न होता.

कुंपणापलीकडच्या क्लबाचा लौकिक मोठा होता. एक खांद्याचं हाड, दोन गुडघे, आणि शेजारच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. हाड आणि गुडघे जुळले. झाकण अजून सापडलेलं नव्हतं.

"उडवायला काय, पिशवीसुद्धा उडते," मावशी म्हणे. "सांभाळायला अक्कल लागते."

मावशीने तीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. एकही पडली नाही, म्हणून एकदाही कुणी हार घातला नाही. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही, हे तिचं जुनं दुःख. आज ते फिटायची वेळ आली होती.

साहेब आले. हातात फाइल, फाइलीत कागद, कागदावर सहीची जागा रिकामी.

"तुमचं रेकॉर्ड बघितलं, बाई. बारा वर्षांत एकही अपघात नाही?"

"खरचटलेलंसुद्धा नाही," मावशी म्हणाली.

"मागच्या वर्षी मला कटरने कापलं होतं," क्लबातला बेकरीवाला प्रामाणिकपणे म्हणाला. तो वाळूच्या पिशव्या पतंगाच्या कडेवर ठेवत होता, म्हणजे भलत्या वेळी वारा भरायला नको.

"ते बेकरीत. त्याला क्लब जबाबदार नाही."

साहेबांनी पतंगाचं कापड दोन बोटांत धरलं. "नवीन घेतलात?"

"बारा वर्षांचा आहे. दर रविवारी गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो. उन्हात ठेवलं की कापड पापडासारखं मोडतं. चारही दोऱ्या खुंटीला अडकवून ताणून बघतो, कमी-जास्त झाल्या तर पतंग एका अंगाला ओढतो. भाची, दाखव."

भाचीने दोऱ्या ताणल्या. चारही टोकं एका रेषेत आली. साहेबांनी भुवया उंचावल्या. मावशीने त्या उंचावलेल्या भुवया मनातल्या मनात कपाटात ठेवल्या.

"आणि समजा जोराचा झोत आला?"

"डॉक्टर!"

दातांचे डॉक्टर एक पाऊल पुढे आले. त्यांच्या कमरेला पट्टा होता, पट्ट्याला लाल मूठ. त्यांनी ती खेचली. पट्ट्याचा आकडा खटकन सुटला.

"पाऊण सेकंद," डॉक्टर म्हणाले. "झोपेतसुद्धा. बायकोने बघितलंय."

साहेब हसले. मग वारा मोजायचं यंत्र बघितलं, शिरस्त्राणांचे पट्टे ओढून बघितले, सातवी वही मधूनच उघडून वाचली. "गेल्या रविवारी वारा चांगला होता की. इथे लिहिलंय, आवरलं."

"झोत होते. नाही म्हणायलाही छाती लागते, साहेब."

कुंपणापलीकडे कुणीतरी आनंदाने किंचाळत हवेत उचललं गेलं आणि धप्पकन पडलं. मावशीने तिकडे पाहिलं नाही. साहेबांनी पाहिलं. मग त्यांनी पेन काढलं.

"खरं सांगू? वीस वर्षांत असा क्लब बघितला नाही. मैदान तुमचंच."

मावशीचा ऊर भरून आला. भाचीने डोळे पुसले. बेकरीवाल्याने वाळूची पिशवी छातीशी धरली.

"फक्त नियमाप्रमाणे पाच मिनिटं उडवून दाखवा," साहेब टोपण काढत म्हणाले. "कुणीही चालेल. की लगेच सही."

"दाखवतो की," मावशी म्हणाली.

वारा ताशी सोळा किलोमीटर. एकसारखा. आभाळ स्वच्छ. समोर दोनशे मीटर मोकळं, ना तार, ना झाड, ना माणूस. मावशीने पुन्हा एकदा यंत्र बघितलं. सोळाच.

"एक मिनिट, साहेब. आमची आधी आपसात बैठक होते."

"अवश्य."

सगळे सभासद गोल करून उभे राहिले, खांद्याला खांदा, शिरस्त्राणाला शिरस्त्राण. साहेब लांबून कौतुकाने बघत होते. काय शिस्त! त्यांनी फाइल हातावर धरली आणि पेन कागदाला टेकवून ठेवलं.

मावशीने एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं. मग आवाज खाली आणून, पण ताठ मानेनेच, तिने विचारलं, "लाजू नका, खरं सांगा. आपल्यापैकी कुणी हा कधी उडवलाय का?"