डबा विसरलात

"अहो, डबा विसरलात!" पिंजऱ्यातली डोंगरी मैना ओरडली आणि पिंजऱ्यांची देखभाल करणारे गावडेकाका सवयीने म्हणाले, "आलो गं."

अन्वीने वही मिटली. "काका, तुम्हीच लाडावून ठेवलंय हिला."

इथल्या रानातल्या मैना संपून वीस वर्षं झाली होती. आता संवर्धन केंद्रावर अंडी यंत्रात उबवत, आणि सहा महिने तिथे राहून शिकणारी अन्वीसारखी कॉलेजची मुलं पिल्लांना जुन्या टेपवरून रानातली शीळ शिकवत. ती टेप काकांच्या बायकोने, इंदूने केलेली. टेपच्या शेवटी तिने काकांना मारलेली हाक होती, ती कापायची मुलांकडून राहिली. चार पिल्लं शीळ शिकली, पाचव्याने इंदूचं वाक्य उचललं. इंदूला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"माणसासारखी बोलणारी मैना रानात सोडता येत नाही," अन्वी म्हणाली. "तिची पिल्लंही तेच शिकतील. उत्तर मिळालं नाही तर विसरेल ती. नाहीतर जन्मभर पिंजरा."

दुसऱ्या दिवसापासून मैनेने हाक मारली की काका ओठ घट्ट मिटून पपईच्या फोडी ठेवत. ती मान वाकडी करून वाट बघे, पुन्हा हाक मारे. सतराव्या दिवशी तिने नुसती शीळ घातली.

पिंजरा उघडला तेव्हा ती जरा वेळ जांभळीवर बसली, मग दरीकडे उडाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा काकांच्या लक्षात आलं, डबा घरीच राहिला होता.