आपोआप जाणारा मेल

“मॅडम, परत अडकलो बघा.”

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून आमच्या कॉम्प्युटर विभागात कुळथेकाकांचा हा फोन रोजचाच. तीनदा पासवर्ड चुकला की लॉगिन बंद व्हायचं. मी काही न विचारता ते उघडून द्यायचे.

मग डेटाबेसमध्ये कुणी बाहेरचा घुसू नये म्हणून मी अलर्ट लावला. लॉगिन चुकलं किंवा बंद पडलं की लगेच मेल. तो एकट्या माझ्याकडे आला असता तरी भागलं असतं. पण आपलं काम वरपर्यंत दिसावं, म्हणून मी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांचाही पत्ता त्यात टाकला.

पहिल्याच आठवड्यात एकतीस मेल गेले, सगळे काकांच्या नावाचे. साहेबांनी त्यांना बोलावून समोर टाइप करायला लावलं. तेव्हा कळलं, अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांच्या उजव्या हाताची बोटं धड चालत नव्हती. एकेक अक्षर दोनदा उमटायचं. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी हे सगळ्यांपासून लपवलं होतं.

राजीनामा देऊन ते माझ्याकडे आले. गळ्यातलं ओळखपत्र डाव्या हातानं काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

“वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. तुम्ही इतके दिवस सांभाळून घेतलंत. ते मेल काय, आपोआपच जातात ना?”

साहेबांचा पत्ता टाइप करताना माझी बोटं एकदाही अडखळली नव्हती.

“हो काका,” मी म्हणाले, “आपोआप.”