सुभेदारांचे जंतू

१९९४ साली विनोदिनी सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. जंतूंचं कोणतं प्रथिन जखम चिघळवतं, हे तिला शोधायचं होतं. माण तालुक्यातले निवृत्त सुभेदार मानसिंग यांच्या पायाच्या जखमेतले जंतू तिनं काचेच्या डिशमध्ये वाढवले होते.

डिशमध्ये सुई टोचली, की भिंतीपलीकडच्या वॉर्डात मानसिंग कळवळायचे.

एका दुपारी ती डिश घेऊन त्यांच्या खाटेशी गेली. "काका, आता हे जंतू जाळून बघायचेत, पण तुम्हाला सोसणार नाही. मी संशोधनच थांबवते."

"का म्हून? हितंच जाळ पोरी, माज्यासमोर. गोळी लागली तवा वरडलो न्हाई, आता बी वरडणार न्हाई."

तिनं स्पिरिटचा दिवा पेटवून डिश ज्योतीवर धरली.

मानसिंग दात आवळून ताठ बसून राहिले. त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

त्यांच्या आवाजातली किंकाळी डिशमधून आली.