मराठीतली चूक

“आवाज जुळला नाही,” फोन पुन्हा म्हणाला.

“घ्या साहेब, तुमच्या यंत्राने मला ओळख दाखवायचं सोडलं,” बाबा हसले. लेक इंजिनिअर झाल्यापासून ते तिला साहेबच म्हणत. त्यांचा जन्म हॉटेलच्या काउंटरवर गेलेला. भाषा जिभेवर खेळत. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये फोनने त्यांना चटकन ओळखलं होतं. घोडं अडलं ते मराठीत.

माणूस कुठल्याही भाषेत बोलो, तो तोच आहे का, हे मोबाइलने आवाजावरून सांगायचं, हे लेकीचं काम. त्यासाठी लागणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने ऐकून आवाज ओळखायला शिकणारी प्रणाली, ती स्वतः आखत नसे. यंत्रच असंख्य आराखडे करून बघे आणि फोनमध्ये मावेल असा निवडे.

“मराठीचे नमुने कमी पडले, बाबा. यंत्र आपल्या भाषेला सावत्रपणा दाखवतंय. त्याचा कान पिळते.”

“पिळा. पण आधी जरा बसा माझ्यापाशी.”

“हे झालं की बसते.”

तिने यंत्राला मराठीपुरता सैल, आवाजातला फरक चालवून घेणारा आराखडा शोधायला लावला. संध्याकाळी फोनने बाबांना मुकाट्याने ओळखलं. लेकीची कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

“हृदय थकलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “बरेच दिवस बोलताना दम लागत असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

ती कामावर परतली. जुनं नेटवर्क पुसण्याआधी ते जुन्या नमुन्यांवर एकदा चालवून बघायची तिथली रीत. तिने बाबांचं गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेलं मराठी बोलणं लावलं. नेटवर्कने एकूण एक वाक्य ओळखलं.

म्हणजे मराठी त्याला येत होती.

तिने हेडफोन चढवून त्या शेवटच्या चाचणीत फोनने टिपलेलं बोलणं ऐकलं. इंग्रजी कडक इस्त्रीची, काउंटरवरची. फ्रेंचही तशीच. मग मराठी. शब्दाशब्दाला श्वास तुटत होता. परक्या भाषांत बाबा पाहुण्यांसमोर ताठ उभे होते; मराठीत ते घरी होते.

हा आवाज नेहमीचा नाही, हे यंत्राला कळलं होतं. तिने ते दुरुस्त केलं होतं.

“जुनं पुसू ना?” शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं. “नाहीतरी चुकतच होतं ते.”

तिला ते ऐकूच आलं नाही. कानात बाबा पुढच्या वाक्यासाठी श्वास गोळा करत होते.

“बाबा,” ती भर ऑफिसात मोठ्याने म्हणाली, “तुमचा आवाज असा का येतोय? दम लागतोय का तुम्हाला?”