टाळ्या

“बाहेरून येणारे लोंढे थांबवा!” वक्ता गरजला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं की नाही, यावर त्या छोट्या गावात वाद रंगला होता. तिथे तीस वर्षं बस चालवलेले मुरलीधर पाठारे टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे निरखत होते. पोस्टातली बाई, दातांचे डॉक्टर, पलीकडच्या घरातला पीटर. रोज हसून बोलणाऱ्या या माणसांच्या मनात आपल्याबद्दलही हेच असेल? त्यांनी मान वळवली, तर बायको शालनही टाळ्या वाजवत होती.

घरी येऊन दार लावल्यावर त्यांना राहवलं नाही.

“तूसुद्धा?”

“अहो, तुम्ही हाताची घडी घालून बसलात,” ती म्हणाली, “आणि मागचे सगळे आपल्याकडेच बघत होते.”