आयते मासे

नदी आटत गेली, जाळ्यात नुसतं शेवाळ येऊ लागलं, तेव्हापासून मच्छीमार पहाटेच वरच्या डोहात पिकावर फवारायचं औषध ओतायचा. तडफडून मासे वर आले की ते लांबच्या बाजारात विकायचा, तेव्हा कुठे घरात पीठ यायचं. घरी मात्र त्यानं त्यातला एकही मासा कधी आणला नाही. बायको टोमणे मारायची, तो हसण्यावारी न्यायचा. आज संध्याकाळी दारातच तळलेल्या माशांचा वास त्याच्या नाकात शिरला. धाकटी लेक बोटं चाटत होती. “बाबा, मी हातानंच धरले नदीत. पळतच नव्हते मुळी.” बायको कौतुकानं म्हणाली, “आज पोटभर जेवली. तुमच्या वाटणीचे ठेवलेत झाकून.” त्यानं लेकीला जवळ ओढलं. लेक डोळे चोळत म्हणाली, “आई, आज दोन दिवे का लावलेत?” खोलीत दिवा एकच होता.