कप्पीची कुरकुर

आमच्या सोलो शहरात वेळ रबरासारखी ताणतात. सातला बोलावलेले पाहुणे नऊला उगवतात आणि कुणाला काही वाटत नाही. माझे यजमान सुत्रिमो मात्र रोज सहाच्या ठोक्याला अंगणातल्या उंच बांबूवर घुमणाऱ्या कवड्याचा पिंजरा चढवायचे. दोरीची कप्पी कुरकुरली की मी चुलीकडे धावायचे, कारण तोवर कॉफी झालेली हवी.

"अगं, तुझ्यासाठी सूर्य थांबणार आहे का?" ते ओरडायचे.

ते गेले, तेव्हा मी कवडा सोडून दिला. तरी सहाला दचकून उठायचेच.

"आता कुणाची घाई आहे, आई?" आमची वेनिंग म्हणाली आणि भिंतीवरचं घड्याळच घेऊन गेली. "झोप झाली की ऊठ, भूक लागली की खा."

हळूहळू जमलं. एकदा ऊन पायरीवर आल्यावर उठले. पाय जमिनीला लागला आणि बाहेर कप्पी कुरकुरली. काल मीच उतरवून ठेवलेला रिकामा पिंजरा वर झुलत होता.

मग रोजच तसं. मी उठेन तेव्हा.

जन्मभर कधी थांबले नाहीत माझ्यासाठी.

आज म्हटलं, बघू तरी किती थांबतात. शेजारी दुपारच्या जेवणासाठी सोयाबीनचं तेंपे तळल्याचा वास आला, तरी डोळे मिटून पडून राहिले. बाहेर कप्पी वाजली नाही.

माझ्या पायापाशी गादी हळूच दबली.

"अहो," मी म्हणाले, "अजून थोडा वेळ."

कुणी ओरडलं नाही. गादीही वर आली नाही.